जमिनीची परीक्षा

माठ विकत घेताना अम्मी काय करते, ते तुम्ही पाहिले असेल. ती बोटाने माठावर टकटक करते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर त्याला कुठेतरी तडा गेलेला असतो. माठ न फोडताच तिला आतली गोष्ट समजते. इंजिनीअरही जमिनीची परीक्षा अशीच घेतात.

ही परीक्षा कशासाठी? जपानमध्ये निईगाता नावाचे शहर आहे. १६ जून १९६४ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. नदीकाठच्या चार मजली इमारती जशाच्या तशा कलंडल्या. एक इमारत तर जवळजवळ आडवी झाली! इमारती मजबूत होत्या, पण पायाखालची जमीन कच्ची होती. तेथे पाण्याने भरलेली सैल वाळू होती. हादरे बसताच त्या पाण्याचा दाब वाढला, वाळूचे कण एकमेकांपासून सुटले आणि जमीन पातळ पदार्थासारखी झाली. त्याच शहरात काही ठिकाणी बांधकामापूर्वी वाळू घट्ट केलेली होती. तेथे नुकसान कमी झाले.

जमीन घट्ट कशी करतात? डब्यात धान्य भरताना आपण डबा हलवतो, तेव्हा दाणे नीट बसतात. तसेच एक लांब यंत्र वाळूत खोल उतरवून जोराने थरथरवतात. कण जवळ येतात व वाळू घट्ट बसते. खाडीकाठच्या चिखलाची रीत वेगळी आहे. त्यात पाणी बाहेर येण्यासाठी उभ्या वाटा करतात आणि वर मातीचा भराव टाकतात. भाराने पाणी हळूहळू निघून जाते. याला कित्येक महिने लागतात.

पण काम केले म्हणजे काम झाले, असे नाही. आत जमीन खरोखर घट्ट झाली का? सगळीकडे खोदून पाहणे शक्य नसते. म्हणून जमिनीवर एका ओळीत, सारख्या अंतरावर, जिओफोन नावाची छोटी यंत्रे ठेवतात. ओळीच्या टोकाला लोखंडी पाट ठेवून त्यावर घणाचा घाव घालतात. ठोक्याच्या लहरी जमिनीतून धावतात. त्या कोणत्या यंत्राजवळ केव्हा पोहोचल्या, याची नोंद होते. आखूड लहरी वरच्या थराची माहिती देतात, लांब लहरी खोल थराची. संगणक त्यावरून प्रत्येक थरातील वेग काढतो.

मऊ जमिनीत लहर सावकाश जाते, घट्ट जमिनीत वेगाने जाते. समजा, कामापूर्वी हा वेग सेकंदाला १०० मीटर होता आणि कामानंतर १४० मीटर झाला. याचा अर्थ जमिनीचा ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला. एखाद्या जागी वेग वाढलाच नाही, तर तेथे काम पुन्हा करावे लागते. म्हणून कामाच्या आधी, काम चालू असताना आणि नंतर, त्याच जागी ही परीक्षा घेतात.

या परीक्षेत जमिनीचा सरासरी अंदाज मिळतो. लहानशी पोकळी किंवा पातळ थर नजरेतून सुटू शकतो. म्हणून चार ठिकाणी भोके पाडून खात्रीही करून घेतात.

मुलांनो, इमारतीचा रंग सर्वांना दिसतो, जमिनीखालचे काम कोणालाच दिसत नाही. न दिसणारे कामही तपासून घेणाऱ्या माणसाच्या भरवशावरच आपण घरात निर्धास्त झोपतो.

शब्दार्थ
बद्द – खणखणीत नसलेला (आवाज)
कलंडणे – एका बाजूला झुकणे
भराव – टाकलेल्या मातीचा थर
घण – मोठा हातोडा
निर्धास्त – काळजी न करता

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मी माठावर टकटक का करते?
(आ) मऊ जमिनीत लहर कशी जाते?
२. निईगाता येथील इमारती का कलंडल्या?
३. ‘काम केले म्हणजे काम झाले, असे नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : सैल, खोल, आखूड.