खाणमालक, प्रदेश-शासन आणि मराठीचा पक्ष

खाणीच्या व्यवसायात पुढे आलेल्या पुरुषाने राज्यसत्तेकडे काय मागावे, याचे उत्तर देशकालानुसार बदलते. १८७३ साली लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने कोलार परिसरातील खाणकामाचे हक्क म्हैसूर संस्थानाकडे मागितले. संस्थानाचा कारभार त्या काळी ब्रिटिश आयुक्तांच्या हाती होता. लॅव्हेलची मागणी भूगर्भापुरती होती. त्या भूमीवर शासन कोणाचे असावे, हा त्याचा प्रश्न नव्हता. पुढे नव्वद वर्षांनी, १९५६ साली विस्तार पावलेल्या म्हैसूर राज्याच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात, एका खाणमालकाने नेमका हा दुसरा प्रश्न हाती घेतला. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर (१९११–१९७३) यांच्या त्या चळवळीच्या भाषिक बाजूचा विचार येथे करावयाचा आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आल्यावर गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या कायद्यान्वये त्यास विधानसभा मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे नेते बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. या घटनेतील विसंगती लक्षणीय आहे. प्रदेशाला प्रथमच लाभलेले लोकनियुक्त शासन ज्याच्या हाती आले, त्या पक्षाचे ध्येय तो प्रदेश महाराष्ट्रात विलीन करून ते शासनच विसर्जित करण्याचे होते. १९६५ च्या जानेवारीत विधानसभेने तसा ठरावही संमत केला. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा त्यास विरोध होता. म्हैसूर राज्यही विलीनीकरणास प्रतिकूल होते. महाराष्ट्र व म्हैसूर यांच्यातील सीमावादासाठी १९६६ च्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला, ही पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते.

विलीनीकरणवाद्यांचा युक्तिवाद सामान्यतः असा मांडला जाई : गोव्यातील हिंदू समाजाचे लेखन, वाचन, कीर्तन व नाटक मराठीत चालते; कोकणी ही तिची बोली होय; यास्तव गोव्याचे स्थान महाराष्ट्रात आहे. या युक्तिवादाची परीक्षा तत्कालीन वृत्तपत्रांवरून करणे उद्बोधक ठरते. १९६२ साली चौगुले या खाण-उद्योजक घराण्याने सुरू केलेले ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे राहिले. पण त्याविरुद्ध झुंजणारे मडगावचे ‘राष्ट्रमत’ हेही मराठी दैनिकच होते. उदय भेंब्रे यांचे गाजलेले ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच प्रसिद्ध होत असे. कोकणीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा हा एक प्रभावी पुरस्कार मराठी गद्यात झाला.

मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल व केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० आणि पानांस १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. मात्र त्याच वर्षी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर आणले.

हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते नाहीत. १९६४ चा कृषी कूळ कायदा आणि खेडोपाडी उघडलेल्या, बहुतांशी मराठी माध्यमाच्या, प्राथमिक शाळा यांमुळे बहुजन समाजास हे शासन आपलेसे वाटू लागले होते. ज्या शासनाकडे नेते एक टप्पा म्हणून पाहत होते, ते त्यांच्याच कर्तृत्वाने टिकाऊ ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकास यातून एक भेद हाती लागतो. भाषा हे विचाराचे साधन असणे निराळे आणि ती राजकीय हक्काचा आधार असणे निराळे. मराठी वाचणारा तो महाराष्ट्रवादी, हे गृहीत १९६७ साली कोसळले; पण कौल विरुद्ध गेला म्हणून गोव्यातील मराठी परकी ठरली, असेही नव्हे. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी राजभाषा ठरली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले, आणि पोर्तुगीज अमदानीतील खाणींच्या सवलती रद्द करून त्यांना पट्ट्यांचे रूप देणारा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा.

गोव्यातील मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ‘गोमन्तक’ व ‘राष्ट्रमत’ यांच्या त्या वर्षांतील संचिका एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एकाच भाषेने दोन्ही पक्षांची वकिली केली. त्यांपैकी एकाच पक्षाचे लेखन मराठीच्या खात्यावर जमा धरले, तर तो इतिहास अर्धाच राहील.