पाच डॉलरचे पंच

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, ग्रीन कार्डावर. परवा त्याला कोर्टाचं पत्र आलं, ज्यूरी ड्यूटीला हजर राहा म्हणून. भत्ता म्हणे रोजचे ५ डॉलर. तो तर अजून भारताचाच नागरिक. मग हे बोलावणं कसं? आणि ५ चा आकडा छापताना शून्य गळलं की काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शून्य गळलेलं नाही. न्यू जर्सीत पहिले तीन दिवस ५ डॉलरच मिळतात. खटला लांबला तर चौथ्या दिवसापासून ४०. त्याच राज्यात तासाची किमान मजुरी १५ डॉलरच्या वर आहे. म्हणजे दिवसभर कोर्टात बसायचं आणि वीस मिनिटांची मजुरी घेऊन घरी यायचं.

आधी चिरंजीवांचं बघू. बोलावण्याची यादी नुसत्या मतदारयादीवरून होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवाले, राज्याचा आयकर भरणारे अशांची नावंही तीत येतात. तुमच्या मुलाचं नाव बहुधा तिथूनच उचललं गेलं. सोबतच्या प्रश्नावलीत नागरिकत्वाचा प्रश्न असतो. तिथे सरळ 'नाही' लिहून कळवायचं, नाव वगळलं जातं. पत्र फेकून देणं चूक, पण कोर्टाच्या धाकाने 'हो' लिहिणं त्याहून मोठी चूक. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगितलं, तर ते पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला नडू शकतं.

आता भत्ता. संघराज्याच्या कोर्टांत रोजचे ५० डॉलर मिळतात, पण राज्यांच्या कोर्टांचा दर ज्याचं त्याचं विधिमंडळ ठरवतं. टेक्सासने २०२३ मध्ये पहिल्या दिवसाचे ६ डॉलर २० वर नेले आणि पुढच्या दिवसांचे ४० चे ५८ केले. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालकानेच पगार द्यायचा, नंतर राज्य ५० देतं. मला ही युक्ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते; अर्थात मी मालक नाही.

कायद्यातली पात्रतेची कलमं वाचली तर वय, नागरिकत्व, रहिवास, इंग्रजीची समज, गुन्ह्याची शिक्षा झालेली नसणं अशा अटी सापडतात. खिशात पैसे असावेत, असं कुठेच लिहिलेलं नाही. पण खिसा बघून माणसं गाळण्याचं काम भत्ता गुपचूप करतो. बड्या कंपनीतल्या इंजिनिअरचा पगार सहसा चालू राहतो. रोजावरचा रंगारी आठवडाभर बसला तर घरभाडं थकतं. तो न्यायाधीशांना अडचण सांगून सुटतो आणि त्याच्या जागी कोणी निवृत्त गृहस्थ येऊन बसतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या ज्यूरींना रोज १०० डॉलर द्यायला सुरुवात झाली, ती हे ओळखूनच.

पात्रतेची कुंपणंही हलत असतात. कॅलिफोर्नियात २०२० पासून, शिक्षा पूर्ण भोगून झालेल्या बहुतेकांना ज्यूरीत बसता येतं. न्यू मेक्सिकोत इंग्रजी येत नसेल तर दुभाषा देतात. आणि तुमच्या मुलाला ऐकायला आवडेल असं एक : कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये ग्रीन कार्डवाल्यांनाही ज्यूरीत घेण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ते नकाराधिकार वापरून अडवलं. मतदानासारखंच हेही नागरिकांचंच काम, असं त्यांचं म्हणणं.

खुर्चीत कोण बसतं याने काय फरक पडतो, असं मुलाने विचारलं तर त्याला १९०८ सालच्या मुंबई हायकोर्टात घेऊन जा. टिळकांवर राजद्रोहाचा खटला, पुरावा म्हणून 'केसरी'तले मराठी लेख, तेही इंग्रजी भाषांतर करून ज्यूरीपुढे ठेवलेले. ज्यूरीत ७ युरोपियन आणि २ पारशी. त्या वेळच्या कायद्याने नऊही जण पात्रच होते. कौल पडला दोषी ७, निर्दोष २.