दुसरा खुबा सांभाळा

म्हातारी आई मोरीत घसरते, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. 'वय झालं, आता बाजेवरच' म्हणून आपण तिला निजवून ठेवतो. तसे करू नये. खुबा चोळू नका, ओढू नका. पाय न हलवता दवाखान्यात न्या. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी. किन्हीराजा असो की वाशिम, ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयात मोफत आहेत. कार्ड आजच काढून ठेवा.

एक खुबा मोडला की दुसराही मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून तो मोडण्याआधीच ठिसूळ हाडात सुईने बळकटी देणारा पदार्थ भरायची पद्धत डॉक्टर तपासून पाहत आहेत. ती अजून रोजच्या उपचारात आलेली नाही; तिच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. हाड बळकट करणारी औषधे मात्र आहेत. एक तर वर्षातून एकदाच सलाईनमधून देतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

घरात आपण एवढे करू: मोरीची शेवाळ घासू, धरायला दांडा बसवू, रात्री दिवा ठेवू, डोळे तपासून घेऊ.