लाभार्थ्यांची यादी आणि गावाचे मत

शासकीय साहाय्याची कोणतीही योजना गावात आली म्हणजे पहिली चर्चा होते ती यादीची. रक्कम किती, हप्ते किती, हे प्रश्न मागाहून येतात. कोणाचे नाव लागले, कोणाचे गळले आणि कोणत्या कारणाने गळले, हे मात्र पारावर त्याच संध्याकाळी विचारले जाते. हीच चर्चा पारावर न राहता योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि लेखी स्वरूपात व्हावी, यासाठी शासनाने काही वाटा ठरवून दिल्या आहेत. त्या वाटा ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ पात्र कुटुंबे मुदत टळल्यावर तक्रार घेऊन तालुक्याच्या कचेरीत येतात. इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण (या शहरास ईश्वरपूर हे नाव देण्याचे राज्य शासनाने २०२५ साली जाहीर केले). तेथील पंचायत समितीच्या आवारात किंवा तहसील कचेरीच्या ओट्यावर अशी माणसे कोणत्याही कामाच्या दिवशी भेटावीत, अशी स्थिती आहे.

प्रथम एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पात्रतेचा निकष ठरविणे ही एक गोष्ट, आणि ठरलेल्या निकषानुसार माणसे निवडणे ही दुसरी. लोकांचे मत दोन्ही ठिकाणी घेतले जाते, परंतु त्याची रीत निराळी आहे. कायद्याखाली नियम करावयाचे असतील आणि ते पूर्वप्रसिद्धीनंतर करावेत असे त्या कायद्यात म्हटले असेल, तर शासनास नियमांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. अमुक दिनांकापर्यंत हरकती व सूचना पाठवाव्यात असे त्यात कळवावे लागते, आणि आलेल्या हरकतींचा विचार करूनच नियम अंतिम करावे लागतात. केंद्रापुरती ही तरतूद १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात आहे. राज्यातही त्याच धर्तीचा १९०४ चा अधिनियम आहे. साहाय्याच्या योजना मात्र बहुतेक करून शासन निर्णयाने निघतात. शासन निर्णय काढण्यापूर्वी हरकती मागविणे बंधनकारक नसते. त्यामुळे निकषांविषयी शेतकऱ्याचे म्हणणे पुष्कळदा योजना सुरू झाल्यानंतरच पुढे येते, आणि गावाचे मत घेण्याचे खरे ठिकाण ग्रामसभा हेच उरते.

घरकुलाचे उदाहरण

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिचा पाया २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवर होता. ज्यांना घरच नाही, किंवा ज्यांचे घर कच्च्या भिंतींचे व कच्च्या छपराचे असून त्यात दोनांहून अधिक खोल्या नाहीत, अशी कुटुंबे गणनेतून निवडली गेली. मग त्यांना वगळण्याचे तेरा निकष लावले गेले. दुचाकी वा चारचाकी वाहन, शीतकपाट, घरात दूरध्वनीची तार, आयकर वा व्यवसायकर, शासकीय नोकरी, दरमहा १०,००० रुपयांहून अधिक मिळविणारी व्यक्ती, ५०,००० रुपये वा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, एका सिंचन साधनासह अडीच एकर वा अधिक बागायत, इत्यादी बाबींपैकी एक जरी आढळली तरी कुटुंब बाजूला पडे.

यातील किसान क्रेडिट कार्डाची अट वाळव्यासारख्या उसाच्या तालुक्यात कशी लागू पडते, ते पाहण्याजोगे आहे. ऊस हे दर हेक्टरी मोठे पीककर्ज लागणारे पीक आहे. समजा, उसासाठी कर्जाची मर्यादा हेक्टरी एक लाख रुपये धरली, तर सव्वा एकर म्हणजे अर्धा हेक्टर ऊस असलेल्या शेतकऱ्याच्या कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये होते. त्याचे घर पांढऱ्या मातीचे आणि कौले फुटलेले असले तरी या एका अटीने तो बाहेर जातो. उलट याच जिल्ह्याच्या पूर्वेस, जत तालुक्यात, सात एकर कोरडवाहू ज्वारी करणारा शेतकरी जमिनीच्या कोणत्याच अटीत अडकत नाही. निकष दिल्लीत सर्व देशासाठी एकच ठरला. पण कृष्णाकाठची सव्वा एकर जमीन आणि जतच्या माळावरची सात एकर जमीन यांत कोण अधिक अडचणीत आहे, हे कागदावरून सांगता येत नाही. ते गावच सांगू शकते.

म्हणून या योजनेत यादी थेट अंमलात न आणता ग्रामसभेपुढे ठेवण्याची तरतूद केली गेली. ग्रामसभेने यादी वाचून घ्यावयाची, गणनेनंतर ज्यांनी पक्के घर बांधले किंवा जे मुळातच अपात्र आहेत त्यांची नावे कारणांसह वगळावयाची, आणि समान गुण असलेल्या कुटुंबांत अग्रक्रम ठरवावयाचा. निकष बदलण्याचा किंवा नवे नाव आपल्या अखत्यारीत घालण्याचा अधिकार ग्रामसभेस नाही. हा मुद्दा सभेच्या आरंभीच सांगितला पाहिजे, नाहीतर सारी सभा त्याच वादात संपते. परंतु यादीत नसलेली, पात्र वाटणारी कुटुंबे ग्रामसभेने नोंदवून वर कळविता येतात. अशाच सुटलेल्या कुटुंबांसाठी केंद्र शासनाने २०१८ साली आवास प्लस हे सर्वेक्षण हाती घेतले. पुढे २०२४ मध्ये निकषांतही बदल झाला. दुचाकी, शीतकपाट आणि दूरध्वनी या अटी गळाल्या, मासिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये झाली आणि तेरा निकषांचे दहा राहिले. निकष एकदा ठरला म्हणजे तो कायमचा दगडावर कोरला गेला, असे समजण्याचे कारण नाही.

ग्रामसभा भरविताना

वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्यानंतर दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली असा त्याचा जिल्हा झाला. ग्रामपंचायतीचा १९५८ चा अधिनियम मात्र त्या काळापासून आजवर, पुष्कळ दुरुस्त्यांसह, चालत आला आहे. त्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात आणि सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यावयास हवी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार उपस्थित असावे लागतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत, हेही अधिनियमास अभिप्रेत आहे.

येथे एक अडचण वारंवार उद्भवते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन राहत नाही. परिणामी यादीचा विषय वीस-पंचवीस माणसांपुढे मंजूर होऊ शकतो. ही गोष्ट कायद्याबाहेरची नाही, परंतु तीत गावाचे मत आले असे म्हणणेही कठीण आहे. ग्रामसेवकाने (२०२४ पासून या पदास ग्रामपंचायत अधिकारी असे नाव आहे) याचा विचार सभेचा दिवस ठरवितानाच करावयास हवा. २६ जानेवारीची सभा रूढ आहे, पण त्या सुमारास जत भागातील ऊसतोडणीस गेलेली कुटुंबे गावात नसतात, आणि घरकुलाची सर्वांत अधिक गरज नेमकी त्यांनाच असते. वाळव्यात त्याच दिवसांत तोडणी व लागणीची कामे जोरात असतात. रोजावर जाणारी स्त्री एका दिवसाची मजुरी बुडवून सकाळी अकराच्या सभेस यावी, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही. यादीचा विषय असेल तेव्हा सभा सायंकाळी ठेवणे, वस्त्यांवर आणि मागासवर्गीय वसाहतीत दवंडी वा ध्वनिक्षेपक फिरविणे आणि प्रारूप यादी सभेच्या आधीच फलकावर लावणे, एवढे केले तरी उपस्थितीत फरक पडतो. यादी सभेतच प्रथम दिसली तर तीवर बोलण्यास कोणाचीच तयारी झालेली नसते.

यादी मोठ्याने वाचण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी आलेल्या अर्जांच्या याद्यांचे गावोगावी चावडी वाचन करण्यात आले होते, ते याच हेतूने. संगणकावर भरलेला अर्ज शेजाऱ्यास दिसत नाही. चावडीवर वाचलेले नाव मात्र सर्वांच्या कानी पडते, आणि नोकरदार, आयकर भरणारा किंवा एकाच घरात दोनदा आलेला अर्जदार तेथे ओळखला जातो. अर्थात चारचौघांत शेजाऱ्याविरुद्ध बोलणे गावात सोपे नसते. सभेत सर्वजण गप्प बसले म्हणजे यादीस संमती मिळाली, असा अर्थ काढू नये. अशा माणसाने हरकत लेखी द्यावी, आणि ती घेण्यास नकार देऊ नये.

पूर, पंचनामा आणि पात्रता

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगलीस आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी बोरगाव, बहे, वाळवा, शिरगाव आणि वारणाकाठी कणेगाव, भरतवाडी, शिगाव या बाजूस पाणी शिरले. अशा प्रसंगी पात्रता ठरते ती पंचनाम्याने, आणि मत देण्यास महिनाभराची मुदत नसते. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक यांनी एकत्र पाहणी करावयाची, पंचांच्या सह्या घ्यावयाच्या, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असल्यास ते साहाय्यास पात्र धरावयाचे, अशी रीत आहे.

त्या वर्षी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तरच धान्य द्यावयाचे, या अटीवर मोठी टीका झाली. टीका सयुक्तिक होती, कारण मातीच्या भिंतीस एका रात्रीचे पाणीही पुरते. पंचनाम्यात दुसरी नेहमीची अडचण म्हणजे कुटुंब कोणास म्हणावे ही. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव, शिधापत्रिका थोरल्या भावाची, आणि चुली मात्र तीन, अशी घरे या भागात पुष्कळ आहेत. पंचनामा होत असतानाच धाकट्या भावांनी विभक्त राहणीचा पुरावा (वीज देयक, घरपट्टीची पावती, स्वतंत्र शिधापत्रिका) दाखवून नोंद करवून घेतली, तर पुढे हरकतीची वेळच येत नाही. खंडाने जमीन कसणाऱ्याची स्थिती आणखी नाजूक असते. पीक त्याचे बुडते आणि रक्कम सातबाऱ्यावरील मालकाच्या खात्यात जाते. त्यावर ग्रामसभेचे मतही फारसे चालत नाही. लेखी खंडपत्र करण्यास मालक तयार नसतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

रेशनच्या बाबतीत व्यवस्था थोडी निराळी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ चा. महाराष्ट्रात त्याचा अंमल फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. त्या वेळी प्राधान्य कुटुंबांसाठी ग्रामीण भागात ४४,००० व शहरी भागात ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली. पात्र कुटुंबांची यादी लोकांच्या नजरेस पडेल अशी लावणे या कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि दक्षता समित्या व सामाजिक अंकेक्षण यांचीही तरतूद त्यात आहे. इस्लामपूर नगरपरिषदेच्या हद्दीत ग्रामसभा नसल्याने तेथील रहिवाशांस याच मार्गाने जावे लागते.

यादीशिवाय चालणाऱ्या एका योजनेचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती याच जिल्ह्यातील माणसाने सुचविली. विसापूर (ता. तासगाव) येथील वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तीत पात्र कोण, हे ठरविण्यास समितीही नको आणि गुणपत्रकही नको. जो उन्हात खडी फोडण्यास तयार होईल तो गरजू. घरकुल, पेन्शन किंवा धान्य यांना ही कसोटी लावता येत नाही, आणि वृद्ध वा अपंग माणसास तर ती मुळीच लागू पडत नाही. तरीही यादीवरील भांडणे पाहिली म्हणजे त्या कल्पनेचा साधेपणा जाणवतो.

हरकत कशी लिहावी

हरकतीच्या अर्जात रागापेक्षा तपशील असावा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्यावर चौकशी करणारा अधिकारी काहीही करू शकत नाही. यादीचे नाव व दिनांक, आपला अनुक्रमांक किंवा नाव नसल्याची नोंद, कोणत्या निकषाने वगळले, आणि तो निकष का लागू होत नाही, हे चार-पाच ओळींत लिहून सोबत पुरावा जोडावा. ट्रॅक्टर वडिलांच्या नावे नोंदलेला आणि मुलगा विभक्त, असे असेल तर ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तकाची प्रत व मुलाची स्वतंत्र शिधापत्रिका या दोन कागदांनी काम होते. दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यावयाची असेल तर ऐकीव गोष्ट लिहू नये.

वगळण्याचे कारण कोणी सांगत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाचा आधार घ्यावा. अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात आणि त्यांचे लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाचे असते, आणि निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावयाची असतात. शेतकऱ्याने एवढा उल्लेख अर्जात केला तरी उत्तर बहुधा लेखी मिळते.

ग्रामसेवकाने सभेत आलेली प्रत्येक हरकत इतिवृत्तात हरकतदाराच्या नावासह लिहावी, तीवर सभेने काय ठरविले ते लिहावे, आणि वगळलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहावे. ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्याच शब्दांचे इतिवृत्त अपिलात टिकत नाही. घरकुलाच्या यादीविरुद्धची तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. तेथून चौकशीचा अहवाल जिल्ह्याच्या अपील समितीकडे जातो, आणि समितीपुढे पहिला कागद मागितला जातो तो ग्रामसभेच्या इतिवृत्ताचा. म्हणून अर्ज देताना त्याची दुसरी प्रत बरोबर न्यावी, तीवर कचेरीचा शिक्का, आवक क्रमांक व दिनांक घ्यावा, आणि ती प्रत सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवावी.