पाकिटावरील ३०१ आणि ३०२

बाजारातून आणलेल्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटकद्रव्यांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते. तीत 'अँटिऑक्सिडंट ३०१' किंवा '३०२' असे शब्द दिसले की सामान्य ग्राहक साशंक होतो. वस्तुतः हे क्रमांक सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट व कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट या क्षारांचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्याच दोन रूपांचे आहेत.

क जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. 'स्कर्व्ही होऊ न देणारे' असा त्या नावाचा अर्थ. हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे ही या रोगाची लक्षणे. १७४७ साली ब्रिटिश नौदलातील जेम्स लिंड यांनी १२ रुग्ण खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले; संत्री व लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. मात्र फळांतील ते नेमके द्रव्य ओळखायला पुढे जवळजवळ दोन शतके लागली. त्यासंबंधीच्या कार्यासाठी हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे आम्ल चवीला आंबट असते. त्याचे क्षार तितके आंबट नसतात आणि पाण्यात सहज विरघळतात. म्हणून खाद्यव्यवसायात ते सोयीचे ठरतात. सफरचंद कापले की त्यातील एंझाइम व हवेतील प्राणवायू यांच्यामुळे फोडी तांबूस होतात. अ‍ॅस्कॉर्बेट ही क्रिया रोखून धरते. कॅल्शियममुळे फोडी टणकही राहतात. खारवलेल्या मांसात नायट्राइटपासून नायट्रोसामाइन ही घातक संयुगे तयार होऊ शकतात. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट त्यांना आळा घालते.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पदार्थाचे रक्षण करताना अ‍ॅस्कॉर्बेट स्वतः खर्ची पडते. पाकिटावर ३०१ आहे म्हणून शरीराची क जीवनसत्त्वाची गरज भागली, असे समजणे चुकीचे. त्यासाठी आवळा, पेरू, लिंबू हीच खरी साधने. शिवाय १ ग्रॅम सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये सुमारे ११६ मिलिग्रॅम सोडियम असते. खाद्यपदार्थातील त्याचे प्रमाण अल्प असते हे खरे. पण ज्यांना मीठ कमी खाण्याचा सल्ला आहे, त्यांनी या क्षाराची पूड औषध म्हणून घेताना डॉक्टरांना अवश्य विचारावे.

तात्पर्य, क्रमांक पाहून भिऊ नये आणि जीवनसत्त्वाचे नाव ऐकून भुलूही नये. यादी वाचावी, समजून घ्यावी, मगच पाकीट फोडावे.