जुना पार्ट आणलाय का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. गिऱ्हाईक मोठ्या विश्वासाने लॅपटॉपचं मॉडेल सांगतं. काउंटरमागचा माणूस ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि विचारतो, ''जुना पार्ट आणलाय का?'' डोंबिवलीचा एक थ्रीडी आर्टिस्ट आपल्या गेमिंग लॅपटॉपसाठी पंखा शोधत तिथे गेला, तेव्हा त्याला हा प्रश्न टाळाटाळीचा वाटला होता. आता मित्रमंडळींपैकी कुणी मदत मागितली, की तोही हेच विचारतो.

त्याचा लॅपटॉप २०१८ सालचा, ग्राफिक्स जीटीएक्स १०६० चं. रेंडरिंगचं काम अजून नेटकं होत होतं. पण एक पंखा घरघरू लागला आणि प्रोसेसर तापून धिमा पडायला लागला. सर्व्हिस सेंटरने हात वर केले: मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. मग त्याने ऑनलाइन, मॉडेलच्या नावावरच पंखा मागवला. स्क्रूची भोकं जुळली, चार पिनांचं कनेक्टरही टच्चकन बसलं. पंखा मात्र रेंगाळत फिरायचा. दोन्ही पंखे शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. जुन्याच्या लेबलवर ५ व्होल्ट छापलेले, नव्याच्या लेबलवर १२. विक्रेत्याचं म्हणणं एकच, ''मॉडेल तर बरोबर आहे ना?'' पैसे काही परत मिळाले नाहीत.

विक्रेत्याचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. एकाच नावाखाली कंपन्या वेगवेगळी ग्राफिक्स चिप, वेगळा हीटसिंक आणि वेगळे पंखे घालून लॅपटॉप विकतात. झाकणावरचं नाव तेच राहतं, आतला संसार बदलतो. मॉडेलचं नाव शोरूमपुरतं. दुरुस्तीच्या बाजारात चालतो तो भागावर छापलेला नंबर. लेनोवोच्या लेबलवर त्याला ‘एफआरयू’ म्हणतात, डेलकडे ‘डीपी/एन’ या अक्षरांपुढे तो असतो, एचपीकडे सहा अंक, मध्ये रेघ आणि पुढे तीन अंक असा ‘स्पेअर पार्ट नंबर’ असतो. पंख्यावर याशिवाय व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. डावा-उजवा असा भेदही असतो, कारण प्रोसेसरचा आणि ग्राफिक्सचा पंखा बहुधा एकमेकांचे आरसे असतात. म्हणून लॅपटॉप उघडला, की आधी मोबाइलने प्रत्येक लेबलचा फोटो काढावा. रिपेअरवाल्याच्या हाती दिल्यावर जुना भाग परत मागून घ्यावा. बरेच जण तो तिथेच सोडून येतात आणि पुढच्या वेळी शोधायला धागाच उरत नाही.

मदरबोर्डचीही स्वतःची ओळख असते. लॅपटॉपवर नाव कुणाचंही असो, आतला बोर्ड बहुतेकदा तैवान किंवा चीनमधल्या मोजक्या उत्पादकांनी बनवलेला असतो. कंपालच्या बोर्डावर ‘एलए’ने सुरू होणारा नंबर असतो, लेनोवोच्या अनेक बोर्डांवर ‘एनएम’ने. हा नंबर हाती असला, की जुळी भावंडं सापडतात. लेनोवोचा लीजन वाय५२० चीनमध्ये आर७२० या नावाने विकला गेला. त्यामुळे वाय५२० चा एखादा भाग मिळेनासा झाला, तर आर७२० च्या नावाने शोधणाऱ्याला तो मिळू शकतो. तैवानच्या क्लेव्होचे सांगाडे अमेरिकेत सेगर आणि जर्मनीत एक्सएमजी या नावांनी विकले जातात. अशा लॅपटॉपचा मालक ब्रँडच्या नावाला चिकटून बसला, तर निम्मा बाजार त्याला दिसतच नाही.

सगळ्यात महाग वाटणारा भाग, म्हणजे स्क्रीन, शोधायला सगळ्यात सोपा. पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या: एयूओ, इनोलक्स, बीओई, एलजी डिस्प्ले. त्यांची पॅनेल अनेक ब्रँडमध्ये बसतात. पॅनेलच्या पाठीवरचा नंबर, इंच, रिझोल्यूशन आणि कनेक्टरच्या पिना एवढं जुळलं पाहिजे. साध्या ६० हर्ट्झच्या पॅनेलला बहुधा ३० पिना असतात, १२० किंवा १४४ हर्ट्झच्या पॅनेलला ४०. दुकानदार कधी कधी स्वस्तातलं ३० पिनांचं पॅनेल पुढे करतो. ४० पिनांच्या केबलला ते लागत नाही.

खरा वनवास प्लॅस्टिकचा. रिपेअरवाल्यांच्या भाषेत लॅपटॉपचं शरीर म्हणजे ए, बी, सी, डी: वरचं झाकण, स्क्रीनची चौकट, कीबोर्डचा भाग आणि तळ. हे तुकडे फक्त त्याच मॉडेलला होतात, त्यामुळे मॉडेल बंद झालं, की यांचं उत्पादनही आटोपतं. हिंज घट्ट होतं, झाकणातल्या स्क्रूच्या पितळी बुश उखडतात आणि ए पॅनेल कोपऱ्यात फाटतं. सी पॅनेलचं दुखणं आणखी वेगळं. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रूने नव्हे, तर वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या ठिपक्यांनी पक्का केलेला असतो. दोन बटणं गेली, तरी प्रामाणिक कारागीर सांगतो, की अख्खं सी पॅनेलच बघा. ते नवं मिळत नाही. मिळतं ते दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपचं, म्हणजे ‘पुल’ माल. यात कमीपणा काही नाही. उलट कॉपी मालापेक्षा ओरिजिनल पुल बरा, फक्त दुकानातच बसवून प्रत्येक बटण तपासून घ्यावं, कारण हमी असते ती ‘टेस्टिंग वॉरंटी’, म्हणजे तिथल्या तिथे चालवून दाखवण्यापुरती. डोंबिवलीच्या या गड्याने पुढे असं केलं: आपल्याच मॉडेलचा, बोर्ड जळालेला एक लॅपटॉप भंगाराच्या भावात घेतला. पंखे, हिंज, सी पॅनेल, स्पीकर, सगळं एकाच ठिकाणी मिळालं. ''सुटे पार्ट शोधत बसण्यापेक्षा मेलेला भाऊ शोधा,'' असं तो सांगतो, आणि यात त्याचं बरोबर आहे.

बॅटरी मात्र पुल घेऊ नये. लिथियम-आयन सेल नुसते पडून राहिले तरी म्हातारे होतात, त्यामुळे ‘सीलबंद जुना स्टॉक’ हे कौतुक नव्हे. निर्मितीची तारीख बघावी आणि आयएस १६०४६ या मानकासह ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावं. लेबलवरचा गुणाकारही करून पाहावा: १५.२ व्होल्ट आणि ४.६ अँपिअर-अवर असेल, तर गुणाकार ७० वॅट-अवरच्या आसपास यायला हवा. तिथे ९० छापलं असेल, तर बॅटरी परत काउंटरवर ठेवावी. बसवल्यावर विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढला, की मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. जुनी बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर चार्जिंग त्याच क्षणी बंद.

परदेशी विक्रेते सुट्या बॅटऱ्या पाठवायला का कां-कूं करतात, त्यालाही कारण आहे. २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातूनही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवून पाठवता येत नाहीत. प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते. अमेरिकेतला मावसभाऊ दिवाळीला येणार असेल, तर त्याला एवढंच नीट समजावून सांगावं. मोठ्या बॅगेत टाकलीस, तर विमानतळावरच जाईल. चीनमधून सुटे भाग थेट मागवण्याचा लोकप्रिय मार्ग होता अलीएक्स्प्रेस; नोव्हेंबर २०२० मध्ये त्या ॲपवर भारतात बंदी आली.

ग्राफिक्स चिपचा प्रश्न वेगळा आणि जास्त निष्ठुर. एके काळी काही भारी गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘एमएक्सएम’ नावाचं सुटं ग्राफिक्स कार्ड असे. एलियनवेअर १७ च्या २०१३ च्या आवृत्तीत ते काढता येत होतं, २०१५ च्या आवृत्तीत चिप बोर्डावरच डाखलेली आली. आज बहुतेक लॅपटॉपची हीच स्थिती आहे. उलट उदाहरण फ्रेमवर्क लॅपटॉप १६ चं: २०२४ मध्ये आलेल्या याच लॅपटॉपसाठी कंपनीने २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चं नवं मॉड्यूल काढलं. काही ठिकाणी कायदाही मदतीला येतो: कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १०० डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भाग, वस्तूचं उत्पादन थांबल्यानंतरही ७ वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. तिथे कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. वर्षांचं असं बंधन मात्र नाही.

त्यामुळे बोर्ड किंवा ग्राफिक्स चिप गेली, की हिशेब थंड डोक्याने करावा. चिप तापवून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्यांचा इलाज फार दिवस टिकत नाही. दुसरा बोर्ड मिळाला, तरी त्यावर जुन्या मालकाचा बायोस पासवर्ड नाही ना, हे दुकानातच पाहावं; विंडोजचा परवानाही बोर्डाशी बांधलेला असल्याने तो पुन्हा लागू शकतो. बोर्डाचा भाव आणि मजुरी मिळून चालू स्थितीतल्या तशाच जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर सोडून द्यावं. लॅपटॉप भागांसाठी विकताना एसएसडी आधी काढून घ्यावी. डीडीआर४ रॅमच्या काड्याही काढाव्यात, दुसऱ्या लॅपटॉपला उपयोगी पडतात. गिऱ्हाईक भाव पाडेल ते बोर्ड जळाल्यामुळे, रॅम नसल्यामुळे नव्हे.