बडोद्यातलं घरचं पुस्तकांचं कपाट कसं लावावं

साहित्य: जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे मऊ तुकडे, रंगकामाचा नवा, दोन इंची मऊ ब्रश, नाकातोंडाला बांधायला मास्क, मऊ शिशाची पेन्सिल, दोनशे पानी वही, लिफाफे, टीपकागद, झिप लागणाऱ्या जाड पिशव्या, थोडा मैदा, पातळ हातकागद, सावलीत खडखडीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे आणि पुरचुंड्यांसाठी मलमल. हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र चार-पाचशे रुपयांत मिळतं, तेही घ्यावं. दोन मोकळे दिवस हवेत आणि घरातलं एक वयस्क माणूस जवळ बसायला हवं.

वेळ: कार्तिक ते माघ. आपण दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पूजतो, पण तेव्हा बडोद्याच्या हवेत पावसाचा ओलावा असतो आणि कागद तो पिऊन बसलेला असतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे गुजराती शेजाऱ्यांची लाभपाचम, जैनांची ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी ग्रंथभांडारांतल्या पोथ्या बाहेर काढून, झटकून, वारा दाखवून पुन्हा बांधतात. चातुर्मास संपत आला, हवा सुकली, की ग्रंथ उघडायचे, हा हिशेब शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेला आहे. आपणही तोच दिवस धरावा.

1. आधी पाण्याची रेघ

कपाट कुठे ठेवायचं हे बडोद्यात विश्वामित्री ठरवते. ऑगस्ट 2024मध्ये नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरून राहिलं. त्यानंतर कितीतरी घरांसमोर फुगलेल्या पुस्तकांचे ढीग पडले होते. म्हणून पहिलं काम असं: आपल्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. त्या रेघेखाली कागदाचा तुकडाही ठेवायचा नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तरी सगळ्यात खालचा कप्पा पुस्तकांना देऊ नका. तिथे पितळ, तांबं, दगड ठेवावा: आजीचा पानाचा डबा, अडकित्ता, पंचपात्र, खलबत्ता. या वस्तू पाण्यातून निघाल्या तरी पुसून पुन्हा उभ्या राहतात.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे असावं आणि पायांवर असावं. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत टाळा. दांडिया बाजार, शियाबाग, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत विटांच्या भिंतीत लाकडाचे खांब असतात. वाळवी त्यांतूनच वर चढते. कपाट सरकवल्यावर भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली, तर पुस्तकं बाजूला ठेवून आधी वाळवीवाल्याला बोलवा.

शक्य असेल तर लोखंडी मांडणी घ्या. या बाबतीत बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीइतका चांगला धडा देशात क्वचित मिळेल. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलनसन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं, राजवाड्यातला स्वतःचा संग्रह लोकांसाठी दिला आणि त्यातून हे ग्रंथालय उभं राहिलं. तिथल्या मांडण्या लोखंडी आहेत आणि मजल्यांच्या लाद्या जाड काचेच्या आहेत. उजेड वरून खालपर्यंत झिरपतो, पण ऊन पुस्तकावर पडत नाही. घरी काचेचे मजले होणार नाहीत, तत्त्व मात्र घ्यावं: उजेड असावा, ऊन नसावं, लाकूड कमी असावं, हवा खेळती असावी.

2. रिकामं करणं

काही हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. कुठलं पुस्तक कशाशेजारी होतं, ही माहितीसुद्धा घराची आहे. पुस्तक ओढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवू नका, जुनी बांधणी तिथेच फाटते. दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी आत ढकला, मधलं पुस्तक कंबरेत धरा आणि काढा. जमिनीवर चादर पसरून त्याच क्रमाने मांडत जा.

3. झटकण्याआधी पानं पाहा

या पायरीला घाई केली तर बाकीची सगळी मेहनत वाया गेली असं समजा. जुन्या पुस्तकाच्या पोटात काहीतरी असतंच: लग्नपत्रिका, पिंपळाचं जाळीदार पान, पोस्टकार्ड, लोणच्याचं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी, गायकवाडी रेल्वेचं तिकीट. पुस्तक आडवं धरून पानं सावकाश उलगडा. जे मिळेल ते कुठल्या पानात होतं, तो आकडा लिफाफ्यावर लिहून वस्तू लिफाफ्यात घाला. वर्तमानपत्राची कात्रणं पुस्तकात परत ठेवू नयेत. तो कागद आम्लयुक्त असतो, समोरच्या पानावर तपकिरी चौकोन उमटवतो. टाचण्या आणि यू-पिना हलक्या हाताने काढा. गंज चढलेली टाचणी कागदाला भोक पाडूनच निघते, म्हणून आधी दोन्ही टोकं नखाने सरळ करावीत.

मुखपृष्ठाच्या आतली बाजू नीट वाचा. बडोदे राज्यात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. त्या शाळांतून बक्षीस म्हणून मिळालेल्या पुस्तकाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली असते: नाव, इयत्ता, साल, कशाबद्दल बक्षीस. घरातली पहिली शिकलेली मुलगी कोण, हे कधी कधी तेवढ्या एका चिठ्ठीवरूनच कळतं. ती सुटत आली असेल तर तिथेच चिकटवून टाका, वेगळी काढू नका.

समासात मोडी अक्षरं दिसली तर थांबा. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ती दुधाची उधारीच असेल, असं धरून चालू नये. फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवावा. आणि दुधाची उधारी निघाली तरी तो त्या घराचा त्या महिन्याचा हिशेब आहे, ठेवायलाच हवा.

4. धूळ

पुस्तक घट्ट मिटून धरा आणि वरच्या कडेची धूळ कण्याकडून बाहेरच्या बाजूला ब्रशने झाडा. मग पुट्ठे कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं कुठेही नाही. बुरशीचे ठिपके दिसले तर ते पुस्तक गच्चीत सावलीला नेऊन, मास्क लावून झाडा. घरात झाडलंत तर बुरशी बाकीच्या पुस्तकांवर बसते.

5. आजारी पुस्तकं वेगळी

पानांत बारीक पीठ आणि गोल भोकं असतील तर किडा आत आहे. कडा कुरतडलेल्या, अक्षरांवर चाटल्यासारखे चट्टे असतील तर कसर आहे. असं पुस्तक पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच ठेवावी, नाहीतर थंड कागदावर दंव धरतं. डांबरगोळ्यांच्या मी विरुद्ध आहे. त्यांची वाफ घरातल्या माणसांना बाधते आणि वास पुस्तकातून वर्षानुवर्षं जात नाही. कडुलिंब आणि वेखंडाच्या पुरचुंड्या कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवाव्यात, पानांत नव्हे, आणि वर्षातून दोनदा बदलाव्यात. पाला ओला राहिला तर तोच बुरशी आणतो.

हस्तलिखित पोथी किंवा ताडपत्र निघालं तर घरी कुठलाच प्रयोग करू नका. बडोद्यात 1927पासून प्राच्यविद्या मंदिर आहे, हस्तलिखितं सांभाळणं हेच तिथलं काम. आधी तिथे जाऊन विचारा.

6. डागडुजी

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो, सुटतो, आणि त्याचा डिंक कागदातच राहतो. त्याऐवजी खळ करा: एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळी न राहता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवा आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळा. हातकागदाची पट्टी कातरीने न कापता पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा. अशा कडेचे तंतू पानात मिसळतात आणि जोड दिसत नाही. पट्टीला खळ अगदी पातळ लावा, फाटलेल्या जागी बसवा, वर-खाली बटर पेपर ठेवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. कणा पूर्ण सुटला असेल तर हे काम बाईंडरचं. मात्र त्याला बजावा की कडा छाटायच्या नाहीत. छाटणीत समासातलं लिखाण जातं.

7. मांडणी

विषयवार मांडणी ग्रंथालयाला शोभते. घरच्या कपाटात पुस्तकं माणसांप्रमाणे लावावीत, असं माझं ठाम मत आहे. एक कप्पा पणजोबांचा, एक आजीचा, एक आईवडिलांचा. बडोद्याच्या मराठी घरांत याला विशेष अर्थ आहे. गोविंद सखाराम सरदेसाई 1889पासून सयाजीरावांच्या नोकरीत होते, आणि त्यांच्या ‘मराठी रियासती’चे पहिले खंड त्या काळातले. गायकवाड ओरिएंटल सिरीज 1916 साली सुरू झाली. राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ 1931 साली इथेच निघाला. ज्या घरात असं पुस्तक आहे, त्या घरातलं कुणीतरी बहुधा कचेरीत, शाळेत किंवा छापखान्यात होतं. पुस्तक इतिहासाच्या कप्प्यात गेलं की तो माणूस पुसला जातो. त्याच्या नावाच्या कप्प्यात राहिलं, तर नातवंड विचारतं, हे कुणाचं?

आठवणीच्या वस्तूही त्या-त्या माणसाच्या पुस्तकांशेजारी ठेवा. बडोद्यात मराठी साहित्य संमेलन 1909, 1921, 1934 आणि 2018 साली भरलं. त्यांचा बिल्ला, अहवाल, स्मरणिका असेल तर ती संमेलनाला गेलेल्या माणसाजवळ जाते. गायकवाडी तांब्याचा पैसा चिंच किंवा पितांबरी लावून चमकवू नका. त्यावरची तलवार झिजते आणि नाण्याची किंमतही. संखेड्याची लाखेची डबी कोरड्या फडक्याने पुसावी, उन्हापासून लांब ठेवावी. फोटो कडेला धरून हाताळावेत आणि कोण कोण आहेत ते मागे, काठाजवळ, पेन्सिलीने हलकेच लिहावं.

पुस्तकं उभी आणि एकमेकांना टेकून राहतील इतकीच भरा. बोट सहज शिरायला हवं. जाडजूड ग्रंथ आडवे, तीनपेक्षा जास्त एकावर एक नकोत. दमटपणाच्या यंत्राचा काटा 65 टक्क्यांच्या वर राहू लागला तर दारं उघडी ठेवून पंखा लावा.

8. वही

कपाटापेक्षा ही वही महत्त्वाची आहे. बडोद्यात घर विकताना पुस्तकं पस्तीवाल्याकडे किलोने जातात, कारण नव्या पिढीला त्यांतलं काय कुणाचं ते ठाऊक नसतं. शाळा गुजरातीत किंवा इंग्रजीत झालेल्या मुलाला मराठी कणा वाचायला वेळ लागतो, आणि घर रिकामं करायला मुदत असते महिनाभराची.

प्रत्येक पुस्तकाला एक ओळ: नाव, छापल्याचं साल, घरात कुणी आणलं, कुठून, आत काय सापडलं. शेवटी थोडी जागा ठेवून घरातल्या वयस्क माणसाला विचारावं आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावं. ‘हे पुस्तक काकांनी रावपुऱ्यातून घेतलं, पगार झाला त्या दिवशी’ एवढंही पुरे. वहीतला क्रमांक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने घाला. शाईचं पेन नाही, शिक्का नाही. गुजराती वाचणारी नातवंडं असतील तर नाव दोन्ही लिप्यांत लिहा. वहीच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या भावंडांना पाठवा. पुराच्या वर्षी तीच प्रत उरते.

9. पुस्तक भिजलंच तर

बुरशी साधारण 48 तासांत धरते, म्हणून त्याआधी हात चालले पाहिजेत. उघडून उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि बांधणी तुटते. थोडं ओलं असेल तर उभं करून पानं किंचित पसरवा, पंखा लावा, वीस-पंचवीस पानांआड टीपकागद घाला आणि तो बदलत राहा. चिंब असेल किंवा पुस्तकं फार असतील, तर प्रत्येक पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेलं पुस्तक थांबतं, आणि मग एकेक काढून सुकवता येतं. गुळगुळीत चित्रपानं मात्र आधी घ्या. ती एकदा सुकून चिकटली की सुटत नाहीत.

वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि कार्तिकात, कपाट उघडून पुरचुंड्या बदला, भिंत पाहा आणि वहीत तारीख घाला.

वेळ कमी असेल तर आठवी पायरी आधी करा. येत्या रविवारी वही घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ बसा. कपाट पुढच्या कार्तिकात लावलं तरी चालेल.